गोळी लिहिता, तर कारणही लिहा

ठाणे आणि नवी मुंबईतील फॅमिली डॉक्टर, हाडांचे, संधिवाताचे, मेंदूविकाराचे व मनोविकाराचे डॉक्टर, औषध विक्रेते आणि दोन्ही महापालिकांचे आरोग्य विभाग यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे महिनोन्‌महिने अंगभर दुखणं, थकवा आणि न ताजी करणारी झोप असलेल्या आजाराच्या रुग्णाला आपल्या भागातल्या ओपीडीतून जी चिठ्ठी मिळते, तिच्यावर बहुतेक वेळा एकच ओळ असते. ‘ॲमिट्रिप्टिलीन १०, रात्री एक.’ किंवा ‘ड्युलोक्सेटिन ३०, सकाळी एक, एक महिना.’ आजाराचं नाव नसतं. गोळी कशासाठी आहे, डोस कधी वाढवायचा, फरक किती दिवसांनी दिसायला हवा, बंद कशी करायची, यातलं काहीही नसतं. घरी आल्यावर कुणीतरी मोबाइलवर गोळीचं नाव शोधतं आणि समोर येतं, ‘डिप्रेशनवरचं औषध’. मग घरात कुजबुज सुरू होते, चौथ्या दिवशी पट्टी कपाटात जाते आणि पुढच्या भेटीत आपण लिहिता, ‘औषधाचा उपयोग नाही’.

आम्ही या आजाराचे रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि औषधाच्या काउंटरमागे उभे राहणारे काही फार्मासिस्ट आहोत. ही औषधं आम्हाला हवी आहेत. ती नीट दिली जावीत म्हणून हे पत्र.

तक्रारीआधी थोडं औषधांबद्दल, कारण हे पत्र इतरही वाचणार आहेत. फायब्रोमायल्जियात सांधे किंवा स्नायू झिजत नाहीत. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत आणि मेंदूत गरजेपेक्षा मोठे होतात. मेंदूकडून खाली येणारी, वेदना दाबणारी एक यंत्रणा प्रत्येकाच्या शरीरात असते. ती सेरोटोनिन आणि मुख्यतः नॉरॲड्रेनलिन या रसायनांवर चालते. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन आणि मिल्नासिप्रान ही रसायनं जास्त वेळ कामाला लावतात. त्यामुळे नैराश्य अजिबात नसलेल्या माणसाचीही वेदना कमी होऊ शकते. नुसत्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या वेदनेवर फिक्या पडतात, त्याचं कारणही हेच. नैराश्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन साधारण ७५ ते १५० मिग्रॅ लागतं, वेदना आणि झोपेसाठी १० ते ५० पुरतं. एवढं एक वाक्य रुग्णाला सांगितलं तरी अर्धी भीती जाते.

फायदा किती, हेही खरं सांगावं. ड्युलोक्सेटिन ६० मिग्रॅ घेणाऱ्या साधारण आठ जणांमागे एकाची वेदना निम्म्याने उतरते आणि ते श्रेय त्या औषधाला देता येतं. बाकीच्यांपैकी काहींना थोडं बरं वाटतं, काहींना काहीच नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली या आजारासाठी ड्युलोक्सेटिनला मान्यता दिली. त्याच वर्षी युरोपच्या नियामकाने फायदा फारच लहान आहे म्हणून ती नाकारली. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला आहे. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, मिल्नासिप्रान आणि नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन यांना सौम्य पाठिंबा आहे. तेव्हा ‘ही घ्या, बरं वाटेल’ हे जितकं चूक, तितकंच ‘असल्या गोळ्या घेऊच नका’ हेही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार निदानाबद्दल. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचं आहे’ हे वाक्य निदान नाही. फायब्रोमायल्जिया ओळखण्याच्या २०१६ च्या निकषांना यंत्र लागत नाही, कागद आणि पेन लागतं. शरीराच्या १९ जागांपैकी गेल्या आठवड्यात किती दुखल्या ते मोजायचं. थकवा, न ताजी करणारी झोप आणि विसराळूपणा यांना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे, शिवाय डोकेदुखी, ओटीपोटातली दुखी किंवा मुरडा आणि उदासी यांचा प्रत्येकी एक, असे १२ पैकी गुण काढायचे. दुखऱ्या जागा ७ किंवा जास्त आणि गुण ५ किंवा जास्त. नाहीतर जागा ४ ते ६ आणि गुण ९ किंवा जास्त. दुखणं शरीराच्या पाचपैकी चार भागांत हवं आणि तीन महिने टिकलेलं हवं. दुसरा आजार सोबत असला तरी हे निदान करता येतं. तपासण्या लागतात त्या दुसरं काही सुटू नये म्हणून: हिमोग्लोबिन, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह), टीएसएच (थायरॉइड), साखर, कॅल्शियम, सीके (स्नायू), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), लिव्हर, बी-१२, ड जीवनसत्त्व. सांध्यांना सूज नसताना आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवाताच्या तपासण्या करून अर्धवट पॉझिटिव्ह आकड्यामागे वर्षभर धावायला लावू नका.

‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रभर चालतो. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, त्यामुळे विनोदही जुनाच. ज्या गावावर तो बेतला आहे, तिथल्याच रुग्णाला कारण न सांगता मनोविकाराच्या ओपीडीची चिठ्ठी दिली, तर घरचे तिचा एकच अर्थ काढतात. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात गैर काही नाही. नैराश्य आणि चिंता या आजारात अनेकांना असते आणि तिचा वेगळा उपचार व्हायलाच हवा. पण पाठवताना ‘वेदनेवरचं औषध बसवण्यासाठी’ की ‘मनःस्थिती तपासण्यासाठी’, हे लिहा.

दुसरी तक्रार डोसबद्दल, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ॲमिट्रिप्टिलीन थेट २५ ने सुरू केलं की दुसऱ्या दिवशी डोकं जड, तोंडाला कोरड, पोट गच्च, आणि माणूस गोळीला कायमचा रामराम ठोकतो. सुरुवात १० ने करावी. नाजूक किंवा वयस्क रुग्णाला ५ ने, म्हणजे १० ची अर्धी. एक-दोन आठवड्यांनी, सोसत असेल तर १० ने वाढवावं. बहुतेकांचं काम २५ ते ५० च्या आत होतं. ‘रात्री एक’ या शब्दांनीही घोटाळा होतो. गोळी झोपण्याच्या साधारण दोन तास आधी घेतली तर सकाळची गुंगी कमी राहते. अंथरुणावर पडताना घेतली तर ती सकाळच्या लोकलपर्यंत पुरते. ऐरोली, घणसोली, महापेत रात्रपाळी करणारा माणूस सकाळी आठला झोपतो. त्याने ‘रात्री एक’ पाळलं तर तो कामावर पेंगणार. त्याच्या चिठ्ठीवर ‘झोपेच्या दोन तास आधी’ असंच लिहायला हवं. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात यंत्रावर उभं राहणाऱ्याला आणि गाडी चालवणाऱ्याला पहिले काही दिवस गुंगी येईल याची स्पष्ट सूचना हवी. शक्य असेल तर पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या दिवशी.

ड्युलोक्सेटिनचं गणित वेगळं आहे. ३० मिग्रॅ एक आठवडा, मग ६०. फायब्रोमायल्जियात ६० च्या वर गेल्याने वेदनेत वाढीव फायदा दिसलेला नाही, त्रास मात्र वाढतो. तरीही ‘फरक नाही ना, मग ९० करू’ हे घडतं. मळमळ पहिल्या एक-दोन आठवड्यांत येते आणि बहुधा ओसरते. जेवणानंतर घेतली तर कमी होते. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी कॅप्सूल बंद होते आणि त्या महिन्याचे पैसे पाण्यात जातात. कॅप्सूल फोडून पाण्यात किंवा मधात घालू नये, चावू नये, कारण आतल्या दाण्यांवरचा लेप जठरातल्या आम्लापासून औषध वाचवतो. गिळायला त्रास होणाऱ्या आजीला घरचे प्रेमाने कॅप्सूल उघडून देतात आणि औषध पोटातच वाया जातं.

आणि थांबायचं कधी? नीट डोसवर चार ते आठ आठवडे, फार तर बारा. रुग्णाला वहीत रोज एकच आकडा लिहायला सांगा, ० ते १० मधली वेदना, आणि शेजारी झोपेचे तास. सरासरी साधारण ३० टक्क्यांनी उतरली तर औषध कामाचं. नसेल तर हळूहळू काढा. वर्षानुवर्षं ‘चालू ठेवा’ लिहिणं म्हणजे उपचार नव्हे.

तिसरी तक्रार, मिश्र गोळ्या. प्रेगाबालिन ७५ सोबत नॉरट्रिप्टिलीन १० (ॲमिट्रिप्टिलीनच्याच कुळातलं) आणि मिथाइलकोबालामिन (बी-१२). प्रेगाबालिनसोबत ड्युलोक्सेटिन. एका गोळीत दोन-तीन औषधं बसवलेली. सोयीची वाटतात, पण एकाचा डोस वाढवायचा तर दुसऱ्याचाही वाढतो. पाय सुजले, वजन वाढलं, चक्कर आली, तर नेमकं कुणामुळे ते कळत नाही. बी-१२ ची कमतरता तपासणीत दिसली तर ते वेगळं द्या. निदान पहिले दोन-तीन महिने एकेकच औषध, सुटं, ही आमची विनंती. फायदा-तोटा कळला की मग हवी तर मिश्र गोळी.

औषध विक्रेत्यांनो, ही पुढची तक्रार तुमच्याकडे. ॲमिट्रिप्टिलीन १० मागितलं की ‘२५ आहे, अर्धी करून घ्या’ असं होतं. अडीचपट ताकदीच्या गोळीची अर्धी म्हणजे साडेबारा, आणि तीही दरवेळी सारखी तुटत नाही. त्याहून वाईट म्हणजे ॲमिट्रिप्टिलीन आणि क्लोरडायझेपॉक्साइड यांची जोडगोळी ‘तीच आहे’ म्हणून हातात येते. क्लोरडायझेपॉक्साइड शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीतलं, सवय लावणारं औषध आहे. ते चिठ्ठीवर नसताना देणं हा बदल नाही, ते दुसरंच औषध आहे. ॲमिट्रिप्टिलीन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. १० मिग्रॅची पट्टी दुकानात नसण्याला फारसं कारण उरत नाही, एवढंच की ती स्वस्त आहे आणि मार्जिन कमी.

पाचवी तक्रार ‘अजून काय घेता?’ हा प्रश्न न विचारण्याची. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक सोबत असेल तर सेरोटोनिन वाढून कापरं, घाम, ताप, जुलाब, अस्वस्थता आणि स्नायूंना झटके असं गंभीर चित्र होऊ शकतं. आकडीचा धोका वेगळा. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं कफ सिरप आणि लिनेझोलिड हे प्रतिजैविकही त्याच यादीत. ड्युलोक्सेटिनसोबत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि अंग ठणकणारा माणूस ‘पेनकिलर’ न सांगता घेतच असतो. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर ड्युलोक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं. नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन आणि खुद्द ड्युलोक्सेटिनही ॲमिट्रिप्टिलीनची पातळी वाढवतात, तेव्हा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकत्र करून पाहणारा कुणीतरी हवा. साठीच्या पुढे, बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर ड्युलोक्सेटिन सुरू झाल्यावर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, ते तपासा. ‘वयामुळे गोंधळल्यासारख्या वागतात’ असं म्हणून ते सुटतं. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे अडकणारी लघवी, हृदयाच्या ठोक्यांचा दोष किंवा नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका असेल तर ॲमिट्रिप्टिलीनआधी विचार आणि ईसीजी. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर ड्युलोक्सेटिन नको. पंचविशीच्या आतल्या रुग्णात पहिल्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार येतात का, ते थेट विचारा. ॲमिट्रिप्टिलीन जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हृदयावर आणि जिवावर बेततं, म्हणून घरात लहान मुलं असतील तर पट्ट्या कुलपात ठेवायला सांगा.

एक गोष्ट पुस्तकात बारीक अक्षरात असते आणि इथे ठळक हवी. ॲमिट्रिप्टिलीनने घाम कमी येऊ शकतो. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात ते सोपं नाही. ड्युलोक्सेटिनने उलट घाम वाढू शकतो. दोन्हींत त्रास वेगळा, पण उन्हाळ्याआधी रुग्णाला माहीत असावा.

बंद करण्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. ही औषधं नशा करत नाहीत, पण शरीर त्यांना सरावतं. ड्युलोक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण १२ तासांत निम्मं होतं. एक दिवस चुकला की काहींना चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. रविवारी दुकान बंद, सोमवारी स्टॉक नाही, मंगळवारी रुग्ण इमर्जन्सीत, आणि तिथे त्याला ‘पॅनिक’ म्हणून परत पाठवलं जातं. ६० वरून ४०, ३०, मग २०, प्रत्येक पायरी दोन ते चार आठवड्यांची, असं उतरावं. त्यासाठी २० ची कॅप्सूल दुकानात हवी आणि ‘अचानक बंद करू नये’ हे शब्द चिठ्ठीवर हवेत.

आता थकव्याचं. फायब्रोमायल्जियातला थकवा आणि एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम नावाचा आजार हे एकमेकांत मिसळतात, पण एकच नाहीत. दुसऱ्याची खूण अशी की जरा जास्त श्रम झाले, मग ते शरीराचे असोत की डोक्याचे, की त्रास अनेकदा लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो आणि दिवसेंदिवस टिकतो. हा आजार कोणत्याही अँटिडिप्रेसंटने बरा होत नाही. फ्लुओक्सेटिनची नीट चाचणी १९९६ सालीच लॅन्सेटमध्ये आली होती आणि फायदा दिसला नव्हता. वेदना आणि झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलीन अगदी कमी डोसने देता येतं, पण या रुग्णांना औषधं कमी सोसतात म्हणून सुरुवात नेहमीपेक्षाही खालून करावी. ‘थकवा आहे, ही घ्या, उत्साह येईल’ असं सांगू नका. येत नाही, आणि मग रुग्ण स्वतःलाच दोष देतो.

व्यायामाचा सल्लाही इथेच फसतो. फायब्रोमायल्जियात हळूहळू वाढवलेली चाल किंवा पाण्यातला व्यायाम हा सर्वांत भक्कम उपाय आहे. पण श्रमांनंतर कोसळणाऱ्या रुग्णाला ‘रोज पाच मिनिटं वाढवा, तलावपाळीला फेऱ्या मारा’ म्हणणं त्याचं नुकसान करतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत या आजारासाठी तसा ठरावीक पायऱ्यांनी वाढवायचा व्यायाम काढून टाकला आणि शक्ती जपून वापरण्यावर भर दिला. व्यायाम लिहिण्याआधी फक्त एवढं विचारा: ‘एखाद्या दिवशी जास्त धावपळ झाली, तर पुढचे दोन दिवस कसे जातात?’

विमा आणि ऑफिसबद्दल थोडक्यात. चिठ्ठीवर आजाराचं नाव नसलं की औषधावरून आजार ठरवला जातो आणि ‘मानसिक’ म्हणून अर्ज बाजूला पडतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, म्हणजे तशी नकारघंटा मुळातच चूक आहे. पण फायब्रोमायल्जियाला स्वतःचा कोड आहे, आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एम७९.७. चिठ्ठीवर तो लिहायला पाच सेकंद लागतात.

आमच्या मागण्या.

डॉक्टरांकडे: अशी चिठ्ठी द्या. ‘फायब्रोमायल्जिया, एम७९.७. वेदना आणि झोपेसाठी. ॲमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ, झोपेच्या दोन तास आधी. दोन आठवड्यांनी सोसल्यास २०. आठ आठवड्यांनी फेरविचार. ट्रॅमाडॉलसोबत नको. अचानक बंद करू नये.’ हे सगळं नेहमीच्या लेटरहेडवर मावतं. वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो मराठीतही. पहिल्या महिन्यात एक फोन किंवा छोटी भेट ठेवा. स्थिर रुग्णाला नुसती गोळी पुन्हा लिहून घेण्यासाठी दर महिन्याला दिव्याहून किंवा तुर्भ्याहून धक्के खात बोलावू नका.

औषध विक्रेत्यांकडे: ॲमिट्रिप्टिलीन १० आणि ड्युलोक्सेटिन २० व ३० कायम ठेवा. पर्याय द्यायचा तर तेच औषध, तीच ताकद, आणि तेही सांगून. पट्टी देताना ‘सोबत दुसरं काय चालू आहे?’ एवढं विचारा. आणि कृपा करून भरल्या काउंटरवर ‘डिप्रेशनची गोळी ना?’ असं ओरडू नका.

महापालिकांच्या आरोग्य विभागांकडे: कळवा, वाशी, नेरुळ आणि ऐरोलीच्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस दीर्घ वेदनेची ओपीडी ठेवा, जिथे औषधवैद्यक, फिजिओथेरपी आणि मनोविकार विभागाचे डॉक्टर एकाच खोलीत, एकाच कागदावर लिहितील. ॲमिट्रिप्टिलीन १० मोफत औषधांत सलग मिळेल याची जबाबदारी एका अधिकाऱ्याला नावानिशी द्या. नागरी आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना २०१६ चे निकष आणि वरचे डोस शिकवायला एक दुपार पुरेल. पूर्वसूचना देऊन बोलावलंत तर आमच्यातले फार्मासिस्ट त्या दुपारी यायला तयार आहेत.

उत्तर जाहीर द्यावं, म्हणजे इतर रुग्णांनाही ते वाचता येईल.

आपले,
फायब्रोमायल्जिया आणि दीर्घ थकव्याचे रुग्ण, त्यांचे घरचे आणि काही फार्मासिस्ट
ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ

ता. क. हे वाचून कुणीही आपला डोस स्वतःहून बदलू नये. हे पत्र सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं.